चित्रपटाने संगीत नाटक तारले काय?

अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात आणि लिहिण्यात एक विधान वारंवार येऊ लागले आहे. 'मराठी संगीत नाटक मरणपंथास लागले होते. चित्रपटाने त्यास तारले', असे ते विधान होय. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आली तेव्हापासून ते रूढ झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्यास दुजोरा मिळाला, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मुळीच मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगावे, आणि ते असेच चालू दिले तर आमच्या हदगावासारख्या गावांचे त्यात कोणते नुकसान आहे हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चित्रपटाच्या पदरी जे श्रेय पडते ते प्रथम मोकळ्या मनाने देऊन टाकू. 'कट्यार' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक नाट्यसंपदेने १९६७ साली रंगभूमीवर आणले. त्यास पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. त्या नाटकाचे नाव ज्या तरुण पिढीने ऐकलेही नव्हते ती पिढी सुबोध भावे यांच्या चित्रपटामुळे नाट्यपदे गुणगुणू लागली. महेश काळे यांस त्या चित्रपटातील गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जी कुटुंबे शास्त्रीय गाण्याच्या बैठकीस कधी फिरकली नसती ती तिकिटे काढून थिएटरात गेली आणि दोन-अडीच तास रागदारी ऐकून आली. हे काम लहान नव्हे. चित्रपट म्हणजे हलकी करमणूक आणि नाटक म्हणजे अभिजात कला, अशी पंक्तिभेदाची भाषा बोलणाऱ्यांत आमची गणना कोणी करू नये. चित्रपट ही कला आहे, आणि म्हणूनच तिला कलेचे प्रश्न विचारले पाहिजेत.

आमचा पहिला प्रश्न असा की, तारले म्हणजे काय तारले? संगीत नाटकाची चार-सहा पदे म्हणजे संगीत नाटक नव्हे. विहिरीतून घागरभर पाणी घरी आणले म्हणून विहीर घरी आली असे कोणी म्हणत नाही. तेव्हा संगीत नाटक ही वस्तू काय आहे याचा आधी विचार करू.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा पद हा संवादाचाच एक प्रकार होता. 'सौभद्रा'त मूळची पदे शंभराच्या वर होती. पण ती लहान होती, आणि पात्रे बोलता बोलता गाऊ लागत व गाता गाता पुन्हा बोलू लागत. पुढे १९११ च्या मार्चमध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. गोविंदराव टेंबे यांनी त्यास चाली दिल्या, आणि पदास रागदारीचा व ठुमरीचा विस्तार लाभला. बालगंधर्वांची भामिनी एकाच ओळीला दहा वेगवेगळ्या छटा देऊ लागली. प्रेक्षकांनी 'वन्समोअर' म्हणावे, नटाने ते पद पुन्हा गावे, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्यासारखे मुळीच नसावे, असा परिपाठ पडला. याचा अतिरेक झाला, नाटक बाजूस राहून बैठक सुरू होऊ लागली, ही टीकाही खोटी नाही. परंतु त्या अतिरेकातूनच या कलेचा प्राण कोठे आहे ते दिसते. १९२१ च्या जुलैत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री लोक काय पाहावयास गेले होते? कथानक तर सर्वांस पाठ होते. आज हे दोघे समोरासमोर उभे राहून काय गातील, हे कोणासच ठाऊक नव्हते, गाणारांसही नव्हते. त्यासाठी लोक गेले होते.

तेव्हा संगीत नाटकाच्या पदास तीन कर्ते असतात: गाणारा नट, त्याच्या मागे बसलेले पेटी-तबल्याचे साथीदार, आणि समोरचा प्रेक्षक. तिघांच्या देवघेवीतून ते पद त्या रात्रीपुरते जन्मास येते. चित्रपटात गीत आधी ध्वनिमुद्रित होते, मग त्यावर ओठ हलविले जातात, आणि नंतर ते हदगावास, नांदेडास आणि न्यूयॉर्कास अक्षरशः सारखेच ऐकू येते. हा चित्रपटाचा दोष नव्हे, त्याचा धर्म आहे. पण ज्या वस्तूचा प्राण दर प्रयोगी बदलण्यात आहे ती वस्तू कायमची गोठवून 'आम्ही हिला वाचविले' असे म्हणणे म्हणजे भाषेचा दुरुपयोग आहे.

कोणी म्हणेल की, हे तर प्रत्येक नाटकाच्या प्रत्येक चित्रपटास लागू पडते; 'कट्यारी'वरच एवढा रोष का? याचे उत्तर त्या नाटकाच्या विषयातच आहे. अन्य संगीत नाटकांत पात्रे गातात; 'कट्यारी'त गाणे हाच झगडा आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब ही दोन घराणी आहेत, गाण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. भ्रमरावर लिहिलेले एकच पद अभिषेकीबुवांनी दोन निरनिराळ्या गायकींत बांधले. एक संथ, एक चपळ. शब्द तेच, पण माणूस निराळा. नाटककाराला जे सांगावयाचे आहे ते त्या दोन चालींतल्या अंतरात सांगितलेले आहे. हे नाटक रंगमंचावर चालू असते तेव्हा प्रेक्षागृह हाच विश्रामपूरचा दरबार असतो. कोण श्रेष्ठ, याचा निवाडा तिकीट काढून बसलेल्या मनुष्याने आपल्या कानांनी करावयाचा असतो, आणि तो निवाडा त्यास अवघड जातो, कारण दोन्ही गायकी खऱ्या आहेत. हा अवघडपणा हेच त्या नाटकाचे नैतिक शिक्षण होय.

पडद्यावर काय होते? दरबार पडद्याच्या आत गेला. तेथे भरजरी वस्त्रे ल्यालेले दरबारी माना डोलावतात, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांत पाणी आले ते जवळून दाखवितो, आणि वाद्यमेळ उसळून आता टाळी द्यावयाची असे सुचवितो. आमचे न्यायाधीशपद काढून घेऊन आम्हांस साक्षीदार केले. पूर्वकथेलाही चित्रपटाने मोठा अवकाश दिला: पंडितजींनी खाँसाहेबांस विश्रामपुरास आणणे, दोन्ही घरांचा स्नेह, मग पराभव, मत्सर, शेंदूर. ती सर्व दृश्ये देखणी आहेत, पण त्यांच्या भाराखाली दोन गायकींचा वाद पुष्कळ अंशी एका मत्सरी मनुष्याच्या गोष्टीत विरघळून गेला. मत्सराची गोष्ट कोठेही सांगता येते. दोन खऱ्या सुरांमधील भांडणाची गोष्ट मराठीत दारव्हेकर-अभिषेकी-वसंतराव या त्रयीनेच सांगितली होती.

आता गळ्याचा आणि चेहऱ्याचा प्रश्न. रंगभूमीवर वसंतराव खाँसाहेब होते म्हणजे संपूर्ण होते. ज्या छातीतून तान निघे त्याच छातीवर तो अंगरखा असे. चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा आणि गळा महेश काळे यांचा. पार्श्वगायनाची ही रीत हिंदी-मराठी चित्रपटांत इतकी मुरली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणे म्हणजे रेल्वेविरुद्ध बोलण्यासारखे वाटावे. परंतु विद्या कोणाच्या गळ्यात उतरते, हाच ज्या कथेचा कळीचा प्रश्न आहे तेथे गळाच उसना आणला तर कथेचा पाया खचत नाही काय? पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच गातात. ते कसलेले नट नाहीत, तरी त्यांच्या गाण्याच्या वेळी पडद्यावर जो सच्चेपणा उतरतो तो आमच्या मते अन्यत्र नाही. चित्रपटास हे अशक्य आहे असेही नाही. २०२२ साली आलेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटात राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली आणि स्वतःच गाइली. तो नाटकाचा चित्रपट नव्हता, पण गायक-नट ही संस्था पडद्यासही पेलते हे त्याने दाखवून दिले.

'मानापमाना'ची कथा आणखी निराळी. तेथे नाव खाडिलकरांचे, पात्रांचा धागा खाडिलकरांचा, परंतु संगीत बहुतांशी नवे, शंकर-एहसान-लॉय यांचे. चित्रपट मूळ नाटकापासून प्रेरित आहे असे त्याचे कर्तेही म्हणतात, आणि नवे संगीत करण्याचा त्यांचा अधिकार कोणी नाकारीत नाही. आमचा आक्षेप पाटीबद्दल आहे. 'मानापमान' हे नाटक शंभर वर्षे जगले ते श्रीमंत भ्याड लक्ष्मीधर आणि गरीब शूर धैर्यधर यांच्या गोष्टीमुळे जितके, तितकेच टेंब्यांच्या चालींमुळे. त्या चाली बहुतांशी काढून घेऊन वर 'संगीत मानापमान' हीच पाटी ठेवणे म्हणजे जुन्या पेढीचे नाव घेऊन नवा माल विकणे होय. माल वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाइकाने मात्र त्यास जुन्या पेढीचा माल समजून घरी न्यावे, आणि मग 'आम्ही मानापमान पाहिले' असे म्हणावे, हे बरे नव्हे.

येथे प्रतिपक्षाकडून दोन उत्तरे येतात. पहिले असे: 'टेंब्यांनी तरी चाली कोठून आणल्या? त्यांनीही हिंदुस्थानी ठुमऱ्यांवरून आणि बंदिशींवरून त्या रचल्याच की! कला म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे, ती बदलणारच.' हे अगदी खरे. बदल हवाच, पण बदल करणाराने आपण काय सोडतो आणि त्याच्या जागी काय देतो याचा हिशेब ठेवला पाहिजे. परदेशातले एक उदाहरण घ्या. 'कॅबरे' हे १९६६ चे अमेरिकन संगीत नाटक बॉब फॉसी यांनी १९७२ साली पडद्यावर आणले. मनुष्य घरात बोलता बोलता एकाएकी गाऊ लागला तर पडद्यावर ते खोटे वाटते, हे त्यांनी ओळखले. म्हणून घरांतील गाणी त्यांनी गाळली, आणि एक अपवाद सोडता सगळी गाणी बर्लिनच्या त्या नाइट क्लबाच्या रंगमंचावरच ठेविली; बाहेर जर्मनीत जे घडत होते त्यावरचे भाष्य ती गाणीच करू लागली. याला आम्ही विचारपूर्वक केलेला बदल म्हणतो. नाटकाचे जे गेले त्याची भरपाई चित्रपटाने आपल्या भांडवलातून केली. आमच्याकडे भरपाई कशाने झाली? सेटांच्या भव्यतेने आणि वाद्यांच्या संख्येने.

याच्या उलट टोकाची चूकही आमच्याच इतिहासात नोंदलेली आहे. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले. पण पडद्याच्या शिस्तीत ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त त्यांचे नाटकच जवळजवळ जसेच्या तसे चित्रित झाले, आणि ते लोकांस भावले नाही. रंगमंचासमोर कॅमेरा ठेवला म्हणजे चित्रपट होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. याच सुमारास, १९३६ साली, विष्णुपंत पागनीस या रंगभूमीवरून आलेल्या गायकाने 'संत तुकाराम' अजरामर केला. कारण तेथे अभंग हा त्या मनुष्याच्या बोलण्याचा, श्वासाचा भाग झाला होता. म्हणजे रंगभूमीचा गळा पडद्यावर नेण्याची वाट मराठी माणसास आधीच सापडली होती. आजच्या कर्त्यांनी ती नीट अभ्यासली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

दुसरे उत्तर अधिक बोचरे आहे, आणि ते थेट आम्हांसच उद्देशून असते: 'पुण्या-मुंबईच्या रसिकाने हे बोलावे, तुम्ही हदगावकरांनी कशास? तुमच्याकडे संगीत नाटकाचा दौरा येतो कधी? नांदेडास जावे तर साठ-सत्तर किलोमीटर. चित्रपट आला नसता तर तुमच्या मुलांनी "कट्यार" ऐकलीच नसती. मिळाले ते गोड मानून घ्या.'

आमचे म्हणणे असे की, नेमक्या याच कारणामुळे आम्ही बोलले पाहिजे. पुण्याच्या मुलाने चित्रपट पाहिला तरी त्यास मूळ नाटकाचा प्रयोग पाहून ताडून घेण्याची सोय असते. घरातला एखादा वडीलधारा मनुष्य वसंतरावांची आठवण सांगणारा असतो. आमच्या मुलांस दुसरे माप नाही. चित्रपटाने जे गाळले ते त्यांच्या लेखी कधी अस्तित्वातच नव्हते. पुणेकराच्या बाबतीत चित्रपट ही नाटकाची एक आवृत्ती असते; आमच्याकडे ती एकमेव आवृत्ती होऊन बसते.

याचा परिणाम आम्ही महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत दरसाल पाहतो. मुले-मुली नाट्यपदे म्हणतात, आवडीने म्हणतात, पुष्कळांचा गळाही उत्तम असतो. पण साथीला कोणी नसते; मोबाइलावरून चित्रपटातील गीताचा 'ट्रॅक' लावलेला असतो. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. एखाद्या मुलाच्या गळ्यात त्या दिवशी एक तान अधिक आली तरी ती गिळून त्याने समेवर हजर व्हावयाचे. पद किती वेळ चालावयाचे, कोठे श्वास घ्यावयाचा, हे मुंबईच्या स्टुडिओत पूर्वीच ठरून गेलेले आहे. गाणे शिकण्याऐवजी ही मुले आज्ञापालन शिकत आहेत, आणि तबलजी मात्र श्रोत्यांत बसून आहे.

तबलजी गावात नाही असे कोणी म्हणू नये. हा मराठवाडा आहे. येथे लहानशा खेड्यातही भजनी मंडळ असते, पेटी असते, पखवाज असतो. हरिनाम सप्ताहात रात्र रात्र गाणे चालते, आणि त्यास कोणताही ट्रॅक लागत नाही. कीर्तनकार निरूपण करता करता गाऊ लागतो, मागचे टाळकरी ते उचलतात, श्रोत्यांचा रंग पाहून तो अभंग लांबवितो किंवा आवरतो. आमच्याच जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. तेथेही ढोलकीवाला आणि गाणारीण एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून चालतात. बोलणे आणि गाणे यांची जी गुंफण किर्लोस्करांनी नाटकात केली तिची मुळे याच मातीत आहेत. तेव्हा 'तुमच्याकडे चित्रपटाखेरीज काय आहे' असे जे आम्हांस विचारतात त्यांस आमचे सांगणे की, संगीत नाटकास लागणारे सर्व साहित्य आमच्याकडे आहे. नसेल तर फक्त असा समज, की ते आमच्याने होण्याजोगे आहे. आणि चित्रपटाच्या झगझगाटाने तोच समज अधिक दूर गेला आहे. एवढे सेट, एवढी वाद्ये, एवढे दागिने आपण कोठून आणणार, असे मुलांस वाटते. 'सौभद्र' एका पडद्यावर आणि पेटी-तबल्यावर उभे राहते, हे त्यांस कोणी दाखविलेलेच नाही.

यावर काय करावे? चित्रपट काढू नयेत असे आम्ही सुचवीत नाही. चार गोष्टी मात्र सुचवितो. एक, ज्या संस्था लक्षावधी रुपये खर्चून संगीत नाटकावर चित्रपट काढतात त्यांनी मूळ नाटकाचा एक संपूर्ण प्रयोग, जिवंत प्रेक्षकांसह, साध्या रीतीने चित्रित करून ठेवावा. त्यास चित्रपट म्हणू नये, दप्तर म्हणावे. आणि ज्या थिएटरांत चित्रपट लागला तेथे तोही एखाद्या रविवारी सकाळी दाखवावा. दोन, राज्य शासन संगीत नाटकांची स्वतंत्र स्पर्धा घेते. त्यातील विजयी नाटकांचा दौरा केवळ जिल्ह्याच्या गावी न थांबता तालुक्यापर्यंत यावा. तीन, महाविद्यालयांनी आपल्या संमेलनांत ट्रॅकवर नाट्यपद म्हणण्यास सरळ मनाई करावी, आणि गावातील पेटीवाल्यास व तबलजीस मानाचा नारळ आणि योग्य बिदागी देऊन बोलवावे. चार, शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एक संगीत नाटक, नाही तर त्याचा एक अंक, स्वतः बसवावा. सुभद्रा बेसूर झाली तरी चालेल, अर्जुन मध्येच चाल विसरला तरी चालेल. समोर बसलेल्या आईबापांनी 'वन्समोअर' म्हटले आणि त्या पोराने तेच पद पुन्हा, किंचित निराळे म्हटले, तर संगीत नाटक म्हणजे काय ते त्या एका क्षणी साऱ्या सभागृहास कळेल.

पहिल्या दोन गोष्टी आमच्या हातच्या नाहीत. त्यांसाठी अर्ज-विनंत्या करू, लेख लिहू. परंतु शेवटच्या दोन गोष्टींस कोणाची परवानगी लागत नाही. या नियतकालिकाचे वाचक बहुतेक शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतले आहेत. मुलांच्या शिकवणीवर आणि मोबाइलावर आपण काय खर्च करतो ते आपणांस ठाऊक आहे. त्याच्या एका अंशात गावात नाटक उभे राहते. संगीत नाटक तारले गेले की बुडाले याचा निकाल तिकीट-खिडकीवरील रांग पाहून लावू नये. येत्या वर्षी आपल्या तालुक्यात एखादे पद जिवंत साथीवर गाइले गेले की नाही, हे पाहावे आणि मग काय ते म्हणावे.